होम्स घ्यावा की ख्रिस्ती?

परवा लातूरहून भाचीचा फोन आला. बारावी झाली, ‘नीट’ची परीक्षा झाली, आता निकाल लागेपर्यंत मोकळी. दोन वर्षं क्लास, मेस आणि टेस्ट सिरीज यापलीकडं तिनं काही वाचलेलं नाही. “मामा, पाचशे रुपये आहेत. शेरलॉक होम्स घेऊ का अगाथा ख्रिस्ती? ‘दोन्ही घे’ म्हणू नका, तुम्ही तेच म्हणणार.” मी पटकन ‘होम्स’ म्हणून मोकळा झालो. रात्री गच्चीवर अंथरुणात पडल्यावर वाटलं, घाई केली.

दुकानात दोघं एकाच फळीवर असतात, ‘रहस्यकथा’ म्हणून. पण होम्सच्या गोष्टीत आपण बघ्याच्या भूमिकेत असतो आणि ख्रिस्ती आपल्याला खेळायला बसवते. वाचणाऱ्याला यातलं काय हवंय, ते आधी ठरवावं लागतं.

कॉनन डॉयलनं होम्सला १८८७ मध्ये आणला. एकूण ४ कादंबऱ्या आणि ५६ कथा. खरी मजा कथांमध्ये आहे. निळ्या खड्याच्या गोष्टीत होम्स एक जुनी टोपी आपल्या मित्राच्या, वॉटसनच्या हातात देतो. वॉटसनला ती नुसती मळकी टोपी दिसते. होम्स म्हणतो, या माणसाचे दिवस फिरलेत, बायकोचं याच्यावरचं मन उडालंय आणि घरात गॅसचा दिवा नाही. का? टोपी एकेकाळची भारी, पण पुढं नवी घेणं झालेलं नाही. कित्येक आठवडे तिला कुणी ब्रश लावलेला नाही. आणि मेणबत्तीचे पाच तरी डाग आहेत. हे वाचल्यावर आठवडाभर मी बस स्टँडवर लोकांच्या चपला आणि पिशव्या बघत होतो. एकाच्याही घरची भानगड कळली नाही, ही गोष्ट वेगळी.

पण होम्स लबाडही आहे. भिंग घेऊन जमिनीवर रांगतो, काहीतरी खिशात टाकतो, कुठंतरी तार करतो आणि आपल्याला शेवटी सांगतो. त्याच्या आधी उत्तर काढायची सोय फारशी नसते. अपवाद घोड्याच्या गोष्टीचा, १८९२ ची. (ती वाचायची असेल तर पुढच्या चार ओळी सोडा.) शर्यतीचा घोडा रात्री तबेल्यातून गायब होतो, आणि तिथलं कुत्रं भुंकलेलं नसतं. मी आठवीत असताना ही गोष्ट शेतातल्या आखाड्यावर आजोबांना वाचून दाखवत होतो. ते बाजेवर डोळे मिटून पडलेले. कुत्र्याचा उल्लेख आला तसे म्हणाले, “मंग वळखीचंच हाय की कुणीतरी. घरच्या माणसावर कुत्रं कशाला भुंकंल?” लंडनचा एवढा मोठा गुप्तहेर, आणि आमच्या आबांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. आखाड्यावर कुत्रं पाळणाऱ्याला हे कोडं पडतच नाही.

होम्सची सुरुवात पहिल्या कादंबरीपासून करू नये, असं माझं ठाम मत. खुनाचा माग काढता काढता ती मध्येच अमेरिकेच्या वाळवंटात जाते, आणि पुस्तकात चुकून दुसरी पानं शिवली गेली की काय अशी शंका येते. ‘ॲडव्हेंचर्स ऑफ शेरलॉक होम्स’ या पुस्तकातल्या बारा कथा आधी. एक कथा तासाभरात होते, दुपारच्या जेवणानंतर कूलर लावून पडलं की झोपेच्या अलीकडं संपते. कादंबरी हवीच असेल तर बास्करव्हिलची.

ख्रिस्तीचं गणित निराळं. पहिली पन्नास पानं नेट धरावा लागतो. एका घरात दहा-बारा माणसं जमतात, सगळी चहा पितात, आणि कोण कुणाचा चुलत भाऊ हे ध्यानात राहत नाही. मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं नावं लिहून ठेवायचो. एकदा खून पडला की मात्र पुस्तक खाली ठेवू वाटत नाही. ती पुरावा लपवून ठेवत नाही. तो आपल्या डोळ्यांसमोरच ठेवते आणि त्याच वेळी आपल्याला दुसरीकडं बघायला लावते. शेवट कळल्यावर मागं जाऊन पानं चाळायची, “अरे, इथं तर सांगितलं होतं” म्हणून कपाळाला हात लावायचा, हा तिच्या वाचनाचा निम्मा आनंद आहे.

कॉलेजात असताना वाचनालयातून तिची एक कादंबरी आणली होती. चाळिसाव्या पानाच्या समासात कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलेलं, ‘हाच खुनी’, आणि बाण थेट एका नावाकडं. इतका संताप आला की पुस्तक दोन दिवस उघडलं नाही. मग निरुत्साहानंच वाचून संपवलं, तर खुनी दुसराच! त्या शहाण्यानं चाळिसाव्या पानावर छातीठोक अंदाज बांधला होता, बाईंनी त्यालाही फसवलं आणि त्याच्यामार्फत मलाही. पुढं वाचनालयानं जुनी पुस्तकं किलोवर काढली तेव्हा तीच प्रत मी विकत घेतली.

तिच्या ६६ रहस्य कादंबऱ्या आहेत, म्हणून निवड महत्त्वाची. १९२६ ची रॉजर ॲक्रॉईडची कादंबरी थोर आहे, पण पहिली म्हणून नको. नेहमीची रीत अंगवळणी पडलेली असेल तरच तिचा तडाखा बसतो. सुरुवातीला १९३४ ची ओरिएंट एक्सप्रेसवाली बरी: बर्फात अडकलेली गाडी, आणि खुनी त्याच डब्यात. मी ती देवगिरी एक्सप्रेसमध्ये वाचली. क्रॉसिंगसाठी गाडी आउटरला थांबली, दिवे मंद झाले, आणि समोरच्या बर्थवरच्या काकांकडं मी जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं.

तिचा गुप्तहेर पायरो, त्याचा नखरा सोसत नसेल तर मिस मार्पल आहे. खेड्यात राहणारी, विणकाम करणारी म्हातारी. कुणाचीही भानगड ऐकली की तिला गावातलं कुणीतरी आठवतं, आणि त्यावरून ती खुनी ओळखते. ओसरीवर बसल्या बसल्या गल्लीची बित्तंबातमी ठेवणारी आत्या ज्यांच्या घरात आहे, त्यांना तिची ओळख करून द्यायला नको.

भाषेचं म्हणाल तर मराठी माध्यमाच्या मुलांना ख्रिस्तीचं इंग्रजी सोपं जातं. सगळा कारभार संवादांचा, वाक्यं आखूड. होम्सचं इंग्रजी जुन्या वळणाचं, पण कथा छोटी असल्यानं निभतं. अनुवादात दोघांचंही थोडं नुकसान होतं. होम्सच्या एका गाजलेल्या कथेत मरणारी मुलगी ‘बँड’ हा शब्द उच्चारते. इंग्रजीत त्याचा अर्थ पट्टा आणि टोळी, दोन्ही. अनुवादकानं मराठीत एक अर्थ धरला की कोडं अर्धं सुटलं.

आपल्याकडच्यांना यात धरलं नाही, कारण भाचीनं विचारलं नव्हतं. बाबूराव अर्नाळकरांचे धनंजय-छोटू आणि झुंजार वेगासाठी वाचावेत, तर्कासाठी नव्हे. सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलुदा मराठीत आलाय, आणि त्याची एक मोहीम चक्क आपल्या वेरूळला घडते, मूर्तिचोरांच्या मागावर. कैलास लेणं पाहून आलेल्या कुणालाही ती आधी द्यावी.

राहिले पाचशे रुपये. डॉयल १९३० मध्ये वारला, त्यामुळं त्याच्या लेखनावरचा हक्क भारतात केव्हाच संपलाय. सगळा होम्स इंग्रजीत मोबाईलवर फुकट आणि राजरोस मिळतो. ख्रिस्ती गेली १९७६ मध्ये. आपल्याकडचा, लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांचा नियम धरला तर २०३६ संपेपर्यंत ती विकतच घ्यावी लागणार. म्हणून सकाळी भाचीला परत फोन लावला. पैसे ख्रिस्तीवर घाल, होम्स मोबाईलवर वाच. “म्हणजे शेवटी दोन्हीच की,” ती म्हणाली.

पेन्सिलवाली प्रतही उद्या लातूरला जाणाऱ्या शेजाऱ्यांबरोबर पाठवतोय. समासातलं खोडलेलं नाही. तिनं हे वाचलं तर एक संशयित फुकटात बाद.