टीडी-३ : अ‍ॅसिड बेससाठी घ्यावं का?

मी बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो आणि सीझन नसला की घरी टेक्नो करतो. बेसलाइनसाठी आधी कॉम्प्युटरवरचं प्लगिन वापरायचो, आता सगळं काम बेहरिंगर कंपनीच्या टीडी-३ या बेस सिंथेसायझरवर चालतं. हे रोलंडच्या टीबी-३०३ चं अ‍ॅनालॉग क्लोन, म्हणजे खऱ्या सर्किटवर बनवलेली नक्कल. मूळ यंत्र १९८१ चं, गिटारवाल्यांना रियाजात बेसची साथ मिळावी म्हणून काढलेलं. ते खपलं नाही आणि १९८४ मध्ये बंद झालं. पुढे शिकागोच्या फ्यूचर या ग्रुपने त्याचे नॉब पिळून जो आवाज काढला, तो १९८७ पासून अ‍ॅसिड या नावाने क्लबच्या डान्स संगीतात गाजला. पण त्याच्या पाच वर्षं आधी, १९८२ मध्ये, मुंबईच्या चरणजित सिंग यांनी याच ३०३ वर राग वाजवून रेकॉर्ड काढली होती. ती ऐकली तेव्हाच हे यंत्र घ्यायचं ठरलं.

त्यांना त्यात काय दिसलं असेल ते स्लाइडचं बटण दाबल्यावर कळतं. स्लाइड लावली की पुढचा सूर नव्याने ठोकला जात नाही, आधीच्या सुरातून ओढला जातो. चक्क मींड! सा, कोमल रे आणि वरचा सा एवढ्यावर १६ स्टेपचा (एका फेरीत १६ घरं) पॅटर्न करा आणि कोमल रे वरून सा वर येताना स्लाइड द्या. भैरवचा वास येतो.

दुसरी गंमत अ‍ॅक्सेंटची. अ‍ॅक्सेंटने सूर नुसता मोठा होत नाही, फिल्टरही उघडतो (आवाज उजळतो) आणि डिके, म्हणजे आवाज मावळायला लागणारा वेळ, आखूड होतो. रेझोनन्स (फिल्टरची शिट्टीसारखी धार) चढवून लागोपाठ दोन-तीन अ‍ॅक्सेंट दिले तर प्रत्येक सूर आधीच्यापेक्षा जास्त किंचाळतो. मी किकच्या (बास ड्रमच्या) १, ५, ९, १३ या स्टेप्सवर अ‍ॅक्सेंट देत नाही. ४, ७, १२ वर देतो, म्हणजे किक मोकळी राहते आणि बेस तिच्या मधून पळतो.

प्रोग्रामिंग मात्र कटकटीचं आहे. सूर एका मोडमध्ये भरायचे, त्यांची लांबी दुसऱ्या मोडमध्ये. ही पद्धत मूळ यंत्रातूनच आली आहे. घाई असेल तर यूएसबी लावून कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये पॅटर्न भरा, सोपं जातं. तरी मला बटणांवर चुकून पडलेले सूर जास्त आवडतात. नॉबची हालचाल यंत्रात साठत नाही, म्हणून कटऑफ (फिल्टर किती उघडायचा तो नॉब) फिरवतानाच सरळ ऑडिओ रेकॉर्ड करायचा. चांगले तुकडे नंतर कापून घ्यायचे.

आत डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) दिलंय. छान आहे, पण पूर्ण चढवलं की स्लाइडची गोलाई जाते, म्हणून मी अर्ध्याच्या खाली ठेवतो. बाकी इफेक्ट लॅपटॉपमध्ये. ३०३ जातीच्या आवाजाला पोट कमी, म्हणून त्याच सुरांवर साधी साइन वेव्ह एक सप्तक खाली लावतो. ती मोनो, तिच्यावर एकही इफेक्ट नाही. टीडी-३ चा ट्रॅक १२० हर्ट्झच्या खाली कापतो, मग त्याच्यावर पाव बीटच्या तिप्पट वेळेचा डिले, म्हणजे प्रतिध्वनी. डिलेच्या परतीच्या आवाजातलाही बेस कापायचा, नाहीतर मोठ्या स्पीकरवर सगळा चिखल होतो. किकवरून साइडचेन (किक वाजली की बाकी आवाज क्षणभर दबवणं) दोन्ही ट्रॅकना, पण साइनला जास्त. रिव्हर्ब जवळपास नाहीच.

बॅटरीवर चालत नाही, ९ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर लागतो. नॉब जरा दाटीवाटीने बसवलेत, जाड बोटांना अंधारात त्रास होईल. जुनं ३०३ आज लाखांत जातं, हे त्याच्या अगदी थोड्या भागात मिळतं. सबबेस, पॅड, लीड असं सगळं एकाच यंत्रातून हवं असेल तर घेऊ नका, हा फक्त एका वेळी एकच सूर वाजवणारा बेस आहे. ज्यांना स्लाइडमध्ये रस आहे त्यांनी डोळे झाकून घ्यावं.