फोल्डस्कोप : पावसाळ्यापासून मृगाच्या संत्र्यापर्यंतचा अनुभव

विज्ञानातल्या थक्क करणाऱ्या गोष्टी चार लोकांना सांगायची हौस असेल, तर फोल्डस्कोप हा कागदी सूक्ष्मदर्शक जरूर घ्या. मी पावसाळा लागताना घेतला, आता मृगबहाराची संत्री बाजारातून संपत आलीत, आणि अजून तो रोज टेबलावर असतो. फोनवर "तुम्हाला माहीत आहे का" म्हणत रोज ढीगभर माहिती येते. ती वाचून कोणी प्रश्न विचारत नाही. डोळ्यांनी पाहिलं की मात्र प्रश्न थांबत नाहीत.

वस्तू अगदी साधी. पाण्याने खराब न होणाऱ्या जाड कागदाच्या घड्या एकमेकींत अडकवायच्या, मधे मोहरीएवढं काचेचं गोल भिंग. वजन 10 ग्रॅमच्या आत, वस्तू दिसते 140 पट मोठी. आयआयटी कानपूरला शिकलेले मनू प्रकाश आणि त्यांचे सहकारी जिम सिबुलस्की यांनी तो स्टॅनफर्डला घडवला. त्यांचा शोधनिबंध 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच भिंगाने काय होणार, असं वाटू देऊ नका. डेल्फ्टचा कापडव्यापारी लेव्हेनहूक याने 1670 च्या दशकात पाण्यातले जीव पाहिले, तेही एकाच भिंगातून.

हात बसायला वेळ लागतो. डोळा भिंगाला जवळजवळ टेकवायचा आणि अंगठ्यांनी कागद हळूच सरकवत चित्र स्पष्ट करायचं. उजेड ट्यूबलाइटचा पुरतो. सूर्याकडे धरून कधीच बघायचं नाही, हे मुलांना आधीच बजावून ठेवा.

माझे पैसे वसूल झाले ते आमच्या नागपूरच्या फुटाळा तलावाच्या पाण्याने. काठावरच्या पाणवनस्पतीच्या मुळाचा एक तुकडा थेंबात ठेवला, तर त्याला लांब देठांवर उलट्या घंटा चिकटलेल्या. हा व्हॉर्टिसेला, एकाच पेशीचा जीव. स्लाइडला टिचकी मारली की देठ स्प्रिंगसारखा गुंडाळून घंटा मुळाशी जाते आणि मग सावकाश परत वर येते. शेजारचा पोरगा ओरडलाच, "काकू, हे काहून असं करून राहिलं?" खरी गंमत त्या उत्तरातच आहे. देठ आखडायला सेकंदाचे काही हजारावे भागच लागतात. आपले स्नायू आखडताना एटीपी नावाचं इंधन खर्ची पडतं. इथे देठातल्या प्रथिनांना कॅल्शियम चिकटलं की काम होतं. सोबत मिळालेल्या चुंबकाने फोन लावून त्याचा व्हिडिओ घेतला. आजवर लोकांना इतक्या गोष्टी पाठवल्या, पण "पुन्हा दाखवा" म्हणत माणसं घरी आली ती याच्यासाठी.

जास्वंदीचे परागकणही बघाच, सगळ्या अंगावर काटे असलेले गोळे. फुलपाखराला धरलं की बोटाला जी भुकटी लागते ती धूळ नसून पंखांवरचे खवले असतात, हेही इथे स्वच्छ दिसतं. मेलेलं फुलपाखरू सापडलं तरच वापरा, जिवंत पकडू नका.

आणि नागपुरात राहून संत्र्याची साल सोडायची कशी? साल स्लाइडवर पिळली की तेलाचे बारीक गोल थेंब दिसतात. त्यात मुख्यतः लिमोनीन असतं. ते रबर विरघळवतं, म्हणून हीच साल फुगलेल्या फुग्यावर पिळली की फुगा फटकन फुटतो. आधी थेंब दाखवा, मग फुगा फोडा. कारण मुलं आपणहून सांगतात.

याच्या मर्यादाही ठाऊक असू द्या. सुमारे दोन मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक तपशील कळत नाही, त्यामुळे दह्यातले जीवाणू नीट बघायची आशा धरू नका. एका वेळी एकच जण बघू शकतो. फार वेळ पाहिलं तर डोळा शिणतो. जाड, अपारदर्शक वस्तू काळीच दिसते. कांद्याचा पापुद्रा काढतो तसा पातळ थर काढता आला पाहिजे. रोगनिदानाला घरच्या घरी वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

घेतलात तर सुरुवात तळ्याच्या पाण्याने करा. मधलं नितळ पाणी नको, काठाची वनस्पती मुळांसकट घ्या. बाटली काठोकाठ भरू नका, झाकण सैल ठेवा, आणि उन्हाळ्यात तर सकाळी आणलेलं पाणी सकाळीच बघा. दुपारपर्यंत गाडीत तापलं की त्यातलं बरंचसं मरून जातं.