बोलीतून आणि कोट्यांतून स्पॅनिश : नऊ महिने शिकल्यावरचा अनुभव

संत्र्याचा आंबिया बहार फुटला त्या आठवड्यात मी या पद्धतीनं स्पॅनिश शिकायला लागले. आता त्याच झाडांवरच्या संत्र्यांची तोड चालू आहे, म्हणजे नऊ महिने भरले. क्लास न लावता, वरुड तालुक्यातल्या खेड्यात बसून हे जमतं का, असं मधल्या काळात बऱ्याच जणांनी विचारलं. जमतं. पण कशानं जमलं आणि कुठे अडलं ते दोन ओळींत सांगण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

त्याआधी चार महिने मी मोबाइलवरचं एक मोफत अ‍ॅप वापरत होते. एक दिवस खाडा नाही. 'मुलगा सफरचंद खातो', 'काकूची छत्री पिवळी आहे' अशी वाक्यं तोंडपाठ झाली होती. मग भाषेच्या देवाणघेवाणीतून मेक्सिकोच्या वेराक्रूझ राज्यातली एक मैत्रीण मिळाली. तिला इंग्रजी सुधारायचं होतं, मला स्पॅनिश. तिचा पहिला व्हॉइस मेसेज जेमतेम दहा-अकरा सेकंदांचा. त्यात 'के ओन्दा' होतं, 'नेता' होतं, 'नो मान्चेस' होतं, आणि मला एका वाक्याचाही अर्थ लागला नाही. चार महिन्यांची मेहनत पाण्यात गेली असं वाटून मी त्या दिवशी रडले होते.

'के ओन्दा' म्हणजे शब्दशः 'कोणती लाट?'. मेक्सिकोत त्याचा अर्थ 'काय चाललंय?'. 'नेता'चा आपल्या नेत्याशी संबंध नाही, तो 'खरंच?' असा प्रश्न आहे. 'नो मान्चेस' म्हणजे 'डाग पाडू नको', आणि ते म्हणायचं कधी, तर आपण जिथे 'अबे, काहीही काय सांगतं!' म्हणतो तिथे. हे तिनं समजावून सांगितलं आणि त्या दिवसापासून आमचं ठरलं. रोज तिनं एक बोलीतला शब्द, विनोद किंवा कोडं पाठवायचं. मी ते आधी वऱ्हाडीत सांगून पाहायचं, मग त्याच दिवशी स्वतःच्या वाक्यात वापरून तिला परत पाठवायचं. आपल्याकडे सकाळचे सात वाजतात तेव्हा मध्य मेक्सिकोत आदल्या संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. तिचं काम संपलेलं, माझं सुरू व्हायचं. ही वेळ दोघींनाही सोयीची पडली.

पद्धत एवढीच. आता तिची ताकद सांगते.

तिसऱ्या आठवड्यात तिनं एक कोडं पाठवलं : 'ओरो पारेसे, प्लाता नो एस.' अर्थ सरळ आहे. सोन्यासारखं दिसतं, चांदी नाही. सांग काय? मी पितळ म्हटलं, हळद म्हटलं, पिकलेलं संत्रंही म्हणून पाहिलं. ती म्हणाली, उत्तर मी कोड्यातच दिलंय, भरभर म्हणून बघ. मी ओसरीत बसून म्हणत राहिले. प्लाता नो एस, प्लातानो एस... आणि एकदम उजेड पडला. 'प्लाता नो एस' म्हणजे 'चांदी नाही', आणि तेच जोडून म्हटलं की 'प्लातानो एस', म्हणजे 'केळं आहे'! स्पॅनिश बोलताना दोन शब्दांच्या मधली फट कशी बुजते, हे कोणत्याही धड्यानं मला इतकं पक्कं शिकवलं नव्हतं. त्यानंतर तिचे मेसेज मी वेगळ्या कानांनी ऐकू लागले. शब्द सुटे शोधायचं सोडलं, अख्खी ओळ ऐकायला लागले.

तसाच 'नादा'. एक मासा काय करतो? नादा. याचा अर्थ 'काही नाही', आणि 'पोहतो' असाही. पोहणं या क्रियापदाचं तृतीयपुरुषी रूप मी त्या दिवसापासून विसरले नाही. विनोद कळायचा तर दोन्ही अर्थ एकाच वेळी डोक्यात उभे राहावे लागतात. एकदा उभे राहिले की ते जात नाहीत, ही या पद्धतीतली सगळ्यात मोठी गोष्ट आहे असं मला मनापासून वाटतं.

वाक्प्रचारांत तर मी रमलेच. फिरकी घेणं म्हणजे तिकडे 'केस घेणं'. भोपळे देणं म्हणजे मागणी घालणाऱ्याला नकार देणं. कधीच न होणारी गोष्ट 'बेडकांना केस फुटतील तेव्हा' होते. 'जिभेवर केस नसणं' हा वाक्प्रचार आला तेव्हा मी आजीला सांगितला. आपल्याकडे जिभेला हाड नसतं, म्हणजे माणूस वाट्टेल ते बोलतो. त्यांच्याकडे जिभेवर केस नसतो, म्हणजे माणूस आडपडदा न ठेवता खरं ते बोलतो. आजी थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, 'मंग मायी जीभ तशीच हाय, बिनकेसाची.' ते वाक्य मी स्पॅनिशमध्ये पाठवलं, आणि मैत्रीण अजूनही आजीची चौकशी त्याच शब्दांनी करते.

जोडीदाराला ते 'मेदिया नारान्हा' म्हणतात, अर्धं संत्रं. संत्र्याच्या पट्ट्यात वाढलेल्या मुलीला हा शब्द पाठ करावा लागला नाही. नारान्हा हा शब्दही मूळचा आपल्याच बाजूचा. संस्कृतातलं नारंग फारसीत गेलं, तिथून अरबीत नारंज झालं आणि अरबीतून स्पेनला पोचलं. वेराक्रूझ हे मेक्सिकोतलं सगळ्यात जास्त संत्री पिकवणारं राज्य. तिच्या मामाची बाग आहे, त्यामुळे भाव, फळगळ, पाणी हे विषय आम्हाला शोधावे लागले नाहीत.

आता वऱ्हाडीबद्दल. कॉलेजात असताना 'मले नाही, मला म्हण' असं इतक्यांदा ऐकलं होतं, की मी चारचौघांत तोंड उघडायचं कमी केलं होतं. स्पॅनिश शिकताना तीच बोली कामाला आली. उन्हाळ्यात कृषिपंपाला रात्रीची लाइन होती. बाबा आणि मी दोन वाजता बागेत पाणी द्यायला गेलो होतो. मैत्रिणीनं विचारलं, काय करतेस? मी मनात वऱ्हाडीत म्हटलं, 'पाणी देऊन राह्यली', आणि तोंडातून आपसूक 'एस्तोय रेगान्दो' आलं. 'देऊन' आणि 'राह्यली' हे दोन तुकडे, 'रेगान्दो' आणि 'एस्तोय' हेही दोन तुकडे. फक्त क्रम उलटा. 'मले आवडते' हेही तसंच 'मे गुस्ता'. तिथेही वाक्याचा कर्ता आवडणारी गोष्ट असते, आपण नाही. इंग्रजीतून शिकणारे या वाक्याशी झगडतात, मला त्यात अडायला काही नव्हतंच.

'आओरीता' हा शब्दही वऱ्हाडी माणसाला लगेच कळेल. पुस्तकी अर्थ 'अगदी आत्ता', पण मेक्सिकोत कुणी 'आओरीता' म्हटलं, तर पाच मिनिटं लागतील की दुपार होईल ते आवाजावरून ओळखायचं. आपल्याकडे फोनवर 'येऊनच राह्यलो' म्हणतात, त्याच्या शेजारी तो शब्द ठेवला की झालं.

मैत्रिणीचंही माझ्यासारखंच निघालं. किनाऱ्याकडच्या बोलीत शब्दाच्या शेवटचा 'स' विरून जातो, आणि राजधानीत शिकताना तिला त्यावरून टोकलं जायचं. हे तिनं सांगितलं त्या दिवसापासून आमची मैत्री शिकण्यापुरती राहिली नाही. पोळ्याला तोरणाखाली म्हणतात त्या यमकातल्या झडत्या मी रेकॉर्ड करून पाठवल्या. तिनं उत्तरादाखल त्यांच्या फान्दांगोतल्या, म्हणजे गाण्या-नाचाच्या मेळ्यातल्या, कवनांबद्दल सांगितलं. तिथेही गाणारे एकमेकांना यमकात चिमटे काढतात. लहानपणी आम्ही च-ची भाषा बोलायचो, शाळा म्हणजे चळाशा. त्यांच्याकडची मुलं प्रत्येक अक्षरामागे प घालतात, कासा म्हणजे घर, त्याचं कापासापा होतं. एक अख्खा रविवार आम्ही याच्यातच घालवला.

आता अडचणी. बोलीचा शब्द एका देशात गोड असतो आणि दुसऱ्या देशात तोंड लपवायला लावतो. मी काही व्हिडिओ स्पेनचे पाहिले होते. तिथे बस पकडणं म्हणजे 'कोहेर एल आउतोबुस'. एकदा व्हिडिओ कॉलवर मैत्रिणीची आई होती, आणि मी हेच वाक्य मेक्सिकोच्या माणसांसमोर म्हटलं. दोन क्षण शांतता. मेक्सिकोत त्या क्रियापदाचा अर्थ शरीरसंबंध असा होतो. आईनं सांभाळून घेतलं, मैत्रिणीनं नंतर समजावलं, पण मला दोन दिवस फोन उचलवला नाही. तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक शब्दासमोर देश लिहिलेला असतो, आणि तो कुणी कुणाला म्हणायचा तेही. 'छान' याला स्पेनमध्ये 'ग्वाय', मेक्सिकोत 'चीदो', कोलंबियात 'बाकानो'. तिन्ही एका वाक्यात आणले तर ऐकणाऱ्याला माणूस कुठला तेच कळत नाही. खातरजमा करायला स्पॅनिश भाषेच्या अकादमीचा शब्दकोश इंटरनेटवर मोफत आहे. १७१३ साली माद्रिदमध्ये स्थापन झालेली ही संस्था शब्दापुढे देश नोंदवते, आणि असभ्य असेल तर तेही. शब्दकोश म्हणजे कोरडा असेल असं मला वाटायचं. पण त्यात 'कान्तिनफ्लेआर' हे क्रियापद आहे, खूप बोलून काहीच न सांगणं. मारिओ मोरेनो या मेक्सिकन विनोदी नटाच्या 'कान्तिनफ्लास' या नावावरून ते आलं.

एक गोष्ट मला खटकते आणि ती लिहिलीच पाहिजे. मेक्सिकोच्या बोलीत 'के पाद्रे', म्हणजे 'काय बाप!', हे कौतुक आहे, आणि आईचं नाव घालून होणाऱ्या बऱ्याच गोष्टी शिव्या आहेत. आपल्याकडेही शिव्यांमध्ये आईच असते. असे शब्द मी समजून घेतले, पण वापरायचे नाहीत असं ठरवलं. मैत्रिणीलाही ते पटलं.

व्याकरण या रस्त्यानं पुरतं येत नाही. इच्छा, शंका, जर-तर यांची क्रियापदाची रूपं मला पाच महिने नुसती कानावरून ओळखता यायची, बनवता येत नव्हती. शेवटी व्याकरणाचं एक पुस्तक मागवलं आणि रोज अर्धा तास बसले. इन्स्तितुतो सेर्वान्तेस या स्पॅनिश संस्थेची देले, म्हणजे स्पॅनिश येतं याचं प्रमाणपत्र देणारी परीक्षा द्यायची असेल किंवा कामाचे ईमेल लिहायचे असतील, तर हे टळत नाही. माझं मत विचाराल तर पहिले दोन महिने साधा पाया करा, मग बोलीत उतरा. मी चार महिने घालवले, तेवढे लागत नाहीत. आणि माणूस हवाच. एकट्यानं विनोद पाठ करून उपयोग नाही, तो कुणाला तरी सांगावा लागतो.

नेट हा वेगळा त्रास. घरात रेंज नसते, म्हणून मी मेसेज बांधावर जाऊन उतरवून घेते आणि कामं करताना ऐकते. व्हॉइस मेसेज असल्यानं ते भागलं, रोजचा कॉल असता तर नसतं भागलं.

मागच्या आठवड्यात पेट्या भरताना आजीनं विचारलं, 'तिले आपला आना येते का?' आना म्हणजे कोडं. आणि घातला, 'बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे.' मी खोडत-लिहीत तो असा केला : 'त्रेइन्ता इ दोस पिएद्रास, इ एन्त्रे एयास आन्दा उना कुलेब्रा.' सकाळी उत्तर आलं, 'ला लेंग्वा!' लेंग्वा म्हणजे जीभ. लेंग्वा म्हणजे भाषासुद्धा, आणि तिनं लगेच पुढे विचारलं होतं, कोणती, तुझी की माझी? मी आजीला सगळं समजावून सांगितलं.

'वयखलं पोट्टीनं,' आजी म्हणाली. 'मंग तिले आता अवघड सांग.'