सात फुटी सिंगल फिन: काही महिन्यांच्या वापरानंतर

थ्रस्टरची, म्हणजे खाली तीन फिन्स (पाण्यात बुडणारे पर) असलेल्या सर्फबोर्डची सवय असलेला माणूस एकाच फिनच्या बोर्डवर, सिंगल फिनवर आला की सुरुवातीला त्याला बोर्डात काहीतरी बिघाड आहे असं वाटतं. लाटेवर उभं राहून सवयीने पंप मारायला, म्हणजे बोर्ड या कडेवरून त्या कडेवर टाकत वेग घ्यायला जावं, तर वेग वाढायचं सोडून बोर्ड नुसता डावी-उजवीकडे मान हलवतो. हे असंच होणार. थ्रस्टरच्या बाजूच्या फिन्स पुढच्या टोकाला किंचित आत वळवलेल्या आणि बाहेरच्या अंगाला कललेल्या असतात. बोर्ड एका रेलवरून (बाजूच्या कडेवरून) दुसऱ्या रेलवर टाकला की त्यांच्यावर पाण्याचा दाब येतो आणि पंपाचा वेग बराचसा तिथून मिळतो. सिंगल फिन मधल्या रेषेवर सरळ उभी असते, दोन्ही अंगांनी सारखीच फुगीर. वेग हवा असेल तर तो लाटेकडूनच घ्यावा लागतो. म्हणजे लाटेच्या न फुटलेल्या उभ्या अंगावर (फेसवर) वरच्या भागात राहायचं, रेल पाण्यात बसवायची आणि पाय शांत ठेवायचे. हे शेवटचं मला सगळ्यात जड गेलं.

माझा बोर्ड ७ फूट २ इंच, टेल (मागचं टोक) राउंड पिन, म्हणजे गोलसर निमुळतं, मध्ये फिन बसवायचा लांब बॉक्स आणि त्याच्या दोन्ही बाजूंना छोट्या फिन्ससाठी जागा. म्हणजे हवं तर बाजूंना दोन छोट्या आणि मध्ये एक, असं २+१ करून चालवता येतो. पॅडल करायला सोपा, लाट लवकर पकडतो, कमरेएवढ्या मऊ लाटेतही मजा देतो. बोर्डाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं फारसं नाही. खरा फरक पडतो तो खाली लावलेल्या त्या एका तुकड्याने.

आधी आवडलं ते सांगतो. लाट लांब आणि भिंतीसारखी उभी राहत असेल तर ट्रिममध्ये, म्हणजे न वळता लाटेवर सरळ जाताना, हा बोर्ड जसा धावतो तसा माझा थ्रस्टर कधीच धावला नाही. आत वळवलेल्या फिन्स सरळ रेषेत जाताना पाण्याला थोडा अडथळा करतात, इथे तो नाहीच. बॉटम टर्न (लाटेच्या पायथ्याशी घेतलेलं वळण) लांब आणि गोल येतो, वजन हळूहळू रेलवर न्यावं लागतं. झटका दिला की वळण तुटतं. कटबॅकमध्ये, म्हणजे लाटेच्या फुटत्या भागाकडे मागे वळताना, घाई चालत नाही. रेल पुरती बसू दिली तर बोर्ड आपणहून फिरून फुटलेल्या लाटेच्या पांढऱ्या फेसाकडे परत येतो.

आता फिनबद्दल. बोर्डासोबत ८ इंची, बरीच मागे झुकलेली, कडक प्लास्टिकची फिन आली होती. लाँगबोर्डवाल्यांचा ढोबळ हिशोब असा की बोर्ड जितके फूट, फिन तितके इंच. त्या हिशोबाने ८ इंच जरा जास्तच, आणि मी वजनाने हलका. पकड भरपूर होती, पण छोट्या लाटेत टेल जागचं हलेना. मग ७ इंची फायबरग्लासची फिन घेतली. बूड रुंद, टोक पातळ, टोकाकडे थोडी वाकणारी. वळणात शिरताना ती वाकते आणि बाहेर पडताना सरळ होते. वळणाच्या शेवटी मिळणारा तो हलकासा रेटा कडक फिनमध्ये जाणवतच नाही. वाकणाऱ्या फिनची कल्पना जुनी आहे. अमेरिकन सर्फर जॉर्ज ग्रीनो १९६० च्या दशकात माशांच्या परांकडे बघून तसल्या पातळ, मागे झुकलेल्या फिन्स बनवत होता, आणि १९६६ मध्ये सॅन दिएगोला ऑस्ट्रेलियाच्या नॅट यंगने सर्फिंगची जागतिक स्पर्धा जिंकली ती त्याच घडणीच्या फिनवर.

मध्यंतरी एक उभट पिव्हट फिनही लावून पाहिली. नोजवर (बोर्डाच्या पुढच्या टोकावर) चालणाऱ्यांसाठी ती उत्तम, कारण टेल घट्ट धरून ठेवते आणि बोर्ड जागच्या जागी फिरवता येतो. पण सात फुटी बोर्डावर नोजवर चालायचं तरी किती? शिवाय पाण्यात शेवाळ असलं की उभट फिन ते गोळा करत सुटते. मागे झुकलेल्या फिनवरून ते घसरून जातं. शेवाळाच्या दिवसांत एवढ्याच कारणासाठी मी झुकलेली फिन लावतो.

पण फिन बदलण्याआधी आहे तीच फिन पुढेमागे सरकवून बघा, हे मी आग्रहाने सांगेन. पुढे सरकवली की बोर्ड मोकळा होतो, पटकन वळतो आणि उभ्या फेसवर टेल निसटायला लागतं. मागे नेली की सरळ रेषेत धीर येतो, पकड वाढते, वळवायला मात्र जोर लागतो. एका बोटाएवढ्या फरकानेही बोर्ड वेगळा वाटतो. बॉक्सच्या कडेला पेन्सिलने खुणा केल्या आणि एका वेळी एकच बदल केला, तरच काय कशामुळे झालं ते कळतं. अंतर मोजताना स्क्रूपासून मोजू नका, टेलच्या टोकापासून फिनच्या बुडाच्या मागच्या कडेपर्यंत मोजा. दोन फिन्सची बुडं कमीजास्त लांब असली की स्क्रू त्याच जागी असूनही फिन वेगळीकडे बसते. माझी ७ इंची सध्या मध्यापासून जराशी मागे आहे आणि लाट डोक्याएवढी होईपर्यंत तिथून हलवायची गरज पडत नाही.

त्यापुढे मात्र अडचण सुरू होते. फेस खूप उभा असला आणि बोर्ड पूर्ण रेलवर टाकला की मधली फिन पाण्याबाहेर येऊ लागते, आणि रेलजवळ धरून ठेवायला दुसरं काही नसतं. टेल सुटतं, तेही आधी काही इशारा न देता. ऑस्ट्रेलियन सर्फर सायमन अँडरसनने तीन फिन्सचा बोर्ड, म्हणजे थ्रस्टर, आणला आणि १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बेल्स बीचच्या स्पर्धेत मोठ्या लाटांत तो जिंकला, त्यानंतर स्पर्धांतून सिंगल फिन जवळपास दिसेनाशी का झाली, हे असल्या एका दिवशी शरीरालाच कळतं. अशा वेळी मी मध्ये ६ इंची आणि बाजूंना छोट्या फिन्स लावतो. पकड लगेच येते, थोडाफार पंपही मारता येतो. बदल्यात ट्रिममधला मोकळा वेग कमी होतो. २+१ म्हणजे दोन्हींतलं सर्वोत्तम, असं बरेचजण म्हणतात. मला ती तडजोड वाटते. कामाची आहे, पण तडजोडच.

किरकोळ कटकटीही आहेत. स्क्रूखालची चौकोनी छोटी पट्टी वाळूत पडली की सापडत नाही, दोन जास्तीच्या जवळ ठेवा. बॉक्समध्ये वाळू भरली की फिन सरकत नाही, तेव्हा जोर न लावता गोड्या पाण्याने धुवा. स्क्रू गरजेपुरताच आवळा. उथळ पाण्यात लाट संपायच्या आधीच उतरा, कारण ही फिन थ्रस्टरच्या फिन्सपेक्षा बरीच खोल जाते आणि तळाला आपटली तर फिनसोबत बॉक्सही उखडू शकतो. वेगात असताना खालून गुणगुण ऐकू आली तर फिनची मागची कड तपासा. माझ्या फिनची ती कड एका बाजूला जाड राहिली होती. बारीक सँडपेपरने दोन्ही बाजूंनी सारखी घासल्यावर आवाज थांबला.

आखूड, पोकळ, झटकन बंद होणाऱ्या लाटाच मिळत असतील तर हा बोर्ड घेऊ नका, थ्रस्टर किंवा दोन फिन्सचा ट्विनच बरा. लाटेला लांब खांदा (फुटत्या भागापुढची न फुटलेली बाजू) असेल तर जरूर घ्या, आणि सोबत आलेल्या प्लास्टिकच्या फिनवरून बोर्डाबद्दल मत बनवायची घाई करू नका. आता एक साडेसात इंची, अजून थोडी कडक फायबरग्लासची फिन मिळाली तर मोठ्या दिवसांत बाजूच्या फिन्स न लावता किती निभावतं ते पाहायचं आहे.