एमपीथ्रीगेन, आठ महिन्यांनंतर: अनडूवर विसंबू नका

एमपीथ्रीगेन हा एमपीथ्री गाण्यांचा आवाज एकसारख्या पातळीवर आणणारा प्रोग्रॅम. गेल्या आठवड्यापर्यंत कुणीही विचारलं तरी ‘डोळे झाकून वापरा’ म्हणत होतो. आजही वापरा म्हणेन, पण डोळे उघडे ठेवून.

मूळ काम चोख आहे, त्यात वाद नाही. गाणं डिकोड करून (म्हणजे एमपीथ्री उलगडून) आवाज बदलला आणि पुन्हा एमपीथ्री केलं की दर्जा थोडा का होईना घसरतोच. हा प्रोग्रॅम त्या भानगडीत पडत नाही. एमपीथ्रीच्या फ्रेममध्ये (गाण्याच्या छोट्या तुकड्यात) ‘ग्लोबल गेन’ नावाचा ८ बिटांचा आकडा असतो, तेवढाच बदलतो. त्यामुळे आवाज १.५ डेसिबलच्या पायऱ्यांनीच हलतो. ही पायरी मला पहिले दोन महिने फार खुपली, अर्ध्या डेसिबलची सोय का नाही म्हणून. ती तक्रार मागे घेतो, गाणी ऐकताना फरक कळत नाही. सगळी गाणी ज्या पातळीवर आणायची ते लक्ष्य मात्र ८९ डेसिबलवरच ठेवा. मी ९५ करून पाहिलं, तर निम्मी यादी क्लिपिंगच्या (आवाज मर्यादेबाहेर जाऊन फाटण्याच्या) इशाऱ्याने लाल झाली.

माझा खरा राग अनडूवर, म्हणजे केलेला बदल मागे घेण्याच्या सोयीवर आहे. नवा प्लेअर रिप्लेगेनचे टॅग (आवाज किती कमी-जास्त करून वाजवायचा याची फाइलमधली नोंद) स्वतःच वाचतो, म्हणून फाइली मूळ पातळीवर न्यायच्या होत्या. अनडू दाबलं, काहीच होईना! परत फिरण्याची नोंद फाइलमधल्या एपीई टॅगमध्ये (टॅगचाच एक प्रकार) असते, आणि मध्यंतरी कव्हरची चित्रं लावताना दुसऱ्या एका टॅग एडिटरने ते टॅग पुसून टाकले होते. १,४०० गाणी, प्रत्येकाला वेगळा ट्रॅक गेन, म्हणजे त्या गाण्यापुरता बदल. कोणतं किती खाली आणलं होतं, कुठेच लिहिलेलं नाही. त्या रात्री झोप लागली नाही.

एका अल्बमला मात्र अल्बम गेन (सगळ्या गाण्यांना एकच बदल) लावला होता आणि वहीत ‘-६.०’ लिहिलेलं सापडलं, म्हणजे चार पायऱ्या. सगळ्या गाण्यांना सरसकट +६ दिलं. त्याची मूळ प्रत पेनड्राइव्हवर होती. एक गाणं घेतलं, दोन्ही प्रतींचं वेव्ह (न दाबलेली ध्वनिफाइल) केलं, एकीची ध्वनिलहर उलटवून दुसरीत मिसळली; दोन्ही सारख्या असतील तर काहीच उरत नाही. पडद्यावर सरळ रेघ! शेवटच्या सेकंदापर्यंत एक टोकही वर आलं नाही. दर्जाबद्दलची उरलीसुरली शंका तिथेच फिटली.

बाकीची गाणी ८९ वरच राहू देतोय, तीनशे सीडी पुन्हा रिप करण्याइतका (संगणकावर उतरवण्याइतका) वेळ माझ्याकडे नाही. नव्या फाइलींना हात लावण्याआधी विश्लेषणाचे आकडे वेगळ्या फाइलमध्ये जतन करतो, आणि फ्लॅकला (दर्जा न गमावणाऱ्या फाइलींना) नुसता रिप्लेगेन टॅग लावतो.