पोनी आणि घोड्या विमानाने ऑस्ट्रेलियात आणल्या : काही महिन्यांनंतरचा अनुभव

इंग्लंडमधला आमचा छोटा स्टड, म्हणजे घोड्यांच्या पैदाशीचा फार्म, मेलबर्नजवळ हलवला. वेल्श पोनी (लहान चणीचे घोडे), थोड्या थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या, घोड्या आणि पैदाशीचा एक नर घोडा, सगळे सुखरूप आहेत. भेटेल तो विमानाचंच विचारतो. माझ्या मते विमान हा सगळ्यात सोपा भाग. पैसा आणि लक्ष लागतं ते आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यांना.

मालवाहू विमानात एका स्टॉलमध्ये, म्हणजे पेटीसारख्या कप्प्यात, तीन घोडे उभे राहतात, जास्त पैसे भरले तर दोन. थरोब्रेड घोड्यांसाठी आम्ही दोनचा घेतला आणि तो खर्च सार्थकी लागला. डोकं वर बांधलेल्या घोड्याला मान खाली घालता येत नाही, कफ निचरत नाही, जंतू फुप्फुसात उतरतात. हाच शिपिंग फीवर, म्हणजे प्रवासातून होणारा फुप्फुसाचा आजार, आणि तो बरेचदा पोचल्यावर एक-दोन दिवसांनी कळतो. जागा असली की दोर सैल सोडता येतो. विमानात सोबत असलेले ग्रूम, म्हणजे घोडे सांभाळणारे, फार चांगले होते: गवत भिजवून द्यायचे, पुन्हा पुन्हा पाणी दाखवायचे, आणि माद्यांचा वास नर घोड्यापर्यंत जाऊ नये म्हणून त्याला त्यांनी पुढे ठेवलं होतं. घोडे नेणारी एजन्सी ठरवताना दराआधी सोबत कोण जाणार ते विचारा.

त्याच एजन्सीची कागदपत्रं मात्र ढिली. एका पोनीचा मायक्रोचिप नंबर दाखल्यावर चुकीचा पडला होता. आमच्या व्हेटने पकडला म्हणून निभावलं.

निघण्याआधी किमान १४ दिवस क्वारंटाइन, पोचल्यावर मेलबर्नजवळच्या मिकलहॅमच्या सरकारी केंद्रात पुन्हा किमान १४ दिवस. ऑगस्ट २००७ मध्ये आयात घोड्यांबरोबर आलेला इन्फ्लुएन्झा (घोड्यांचा फ्लू) सिडनीच्या क्वारंटाइनमधून बाहेर पसरला आणि न्यू साउथ वेल्स, क्वीन्सलंडमधल्या शर्यती बंद पडल्या. ते माहीत असल्यावर हा कडकपणा जाचक वाटत नाही.

खरी कसोटी ऋतूची. ऑक्टोबरात निघताना अंगावर हिवाळी केस येऊ लागले होते, इथे उतरलो तर वसंत. सगळ्यांचे केस कापावे लागले. घोडी दिवस मोठे होऊ लागले की माजावर येते, त्यामुळे घोड्यांची माजाची चक्रं विस्कटली. एकीचं अजून बसलेलं नाही. गाभणपण जवळपास ११ महिन्यांचं, आणि थरोब्रेडचं वय इंग्लंडमध्ये १ जानेवारीपासून, इथे १ ऑगस्टपासून मोजतात. तिकडच्या वसंतात गाभण राहिलेली घोडी आणली तर शिंगरू इथल्या शरदात जन्मतं आणि शर्यतीत आपल्या वयाच्या मानल्या जाणाऱ्या घोड्यांपेक्षा कित्येक महिने लहान राहतं. म्हणून थरोब्रेड घोड्या आम्ही गाभण नसतानाच आणल्या.

पोनींची काळजी वेगळी. त्या थोड्यावर जगणाऱ्या जातीच्या. वसंतातलं जास्त साखर असलेलं गवत पोटभर मिळालं की लॅमिनायटिस, म्हणजे खुरांच्या आतली दुखरी सूज, होतो. तोंडाला जाळी बांधूनच चरायला सोडतो. जागा बघायला जाल तेव्हा गवत नसलेला एक कोरडा वाडा आहे का ते आधी पाहा. आम्हाला तो नंतर घालून घ्यावा लागला, आणि ऐन वसंतात कुंपण घालणारा माणूस लवकर मिळत नाही.