रॅमसीचा रिव्ह्यू: बंदुका गेल्या, जमिनीचं भांडण राहिलं

सर्व्हिसचं नाव रॅमसी, म्हणजे सॉलोमन बेटांवर शांतता आणायला गेलेली शेजाऱ्यांची पोलीस-सैन्य मोहीम, देणारे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि पॅसिफिकमधले बाकी शेजारी, घेणारा सॉलोमन बेटांचा देश, मुदत जुलै २००३ ते जून २०१७. माझ्याकडून ५ पैकी साडेतीन स्टार.

अर्धा कापला तो उशिरासाठी. १९९८ पासून ग्वादलकनाल बेटाचे मूळ लोक आणि मलाइता बेटावरून येऊन तिथे वसलेले लोक यांच्यात जुंपलेली, हजारो मलाइतन घरदार सोडून पळालेले. पंतप्रधान उलुफाआलूंनी २००० मध्येच ऑस्ट्रेलियाकडे थोडेसे पोलीस मागितले, नाही मिळाले, आणि ५ जूनला मलाइतनांच्या हत्यारबंद गटाने, मलाइता ईगल फोर्सने, त्यांनाच ओलीस धरलं, तेही पोलीस दलातल्याच लोकांना हाताशी धरून. मग टाउन्सव्हिलचा शांतता करार झाला, देखरेखीला परदेशी टीम आली पण बिनहत्यारी, त्यामुळे जो तो बंदूक घरी ठेवून बसला. नुकसानभरपाईसाठी तैवानकडून अडीच कोटी डॉलरचं कर्ज काढलं, त्यातही ज्याच्या हातात बंदूक त्याचा नंबर आधी! जानेवारी २००३ पर्यंत ऑस्ट्रेलियाचे परराष्ट्रमंत्री डाउनर पेपरात लिहीत होते की तिथे सैन्य पाठवणं म्हणजे निव्वळ मूर्खपणा, आणि जुलैत स्वतःच पाठवलं.

पण आल्यावरचं काम एक नंबर, मानलं. पोलीस पुढे, सैनिक मागे, तिथल्या संसदेने आधी कायदा करून बोलावलेलं, सोबत फिजी, टोंगा, पापुआ न्यू गिनीची माणसं, त्यामुळे गोऱ्यांची फौज घुसली असं वाटलं नाही. ग्वादलकनालच्या बंडखोरांचा म्होरक्या हॅरल्ड केके ऑगस्टमध्येच शरण आला, काही महिन्यांत ३,७०० च्या आसपास बंदुका गोळा. तिथल्या पोलिसांवर कुणाचाच भरवसा उरला नव्हता, म्हणून तर बाहेरचे चालले.

क्रेडिट मात्र एकट्या रॅमसीला देऊ नका प्लीज. २००० मध्ये दोन्ही बाजूंच्या बंकरपर्यंत चालत जाऊन पोरांशी बोलणाऱ्या राजधानी होनियाराच्या बायका होत्या, मधोमध तळ टाकून राहिलेले मेलानेशियन ब्रदरहुड या ख्रिस्ती धर्मसंघाचे ब्रदर होते. २००३ मध्ये त्यांच्यातल्या एकाला शोधायला सहा जण केकेच्या भागात गेले आणि सातही मारले गेले.

उरलेला अख्खा स्टार कापला तो जमिनीसाठी. महायुद्धानंतर राजधानी अमेरिकन तळाच्या जागी होनियारात आली, कामं तिथेच, म्हणून मलाइताची माणसं तिथे. ग्वादलकनालमध्ये बऱ्याच ठिकाणी जमीन आईच्या वंशाने चालते आणि पुरुषांनी ती परस्पर देऊन टाकली, हे मूळ दुखणं. रॅमसीने पोलीस, कोर्ट, तुरुंग, तिजोरी सगळं बघितलं, जमिनीचं काम तुमचं तुम्ही बघा म्हणून बाजूला ठेवलं. बिल अडीच अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर, बहुतेक ऑस्ट्रेलियाने भरलं हे खरं, पण त्यातला मोठा वाटा त्यांच्याच माणसांच्या पगारात, प्रवासात गेला. आणि एप्रिल २००६ मध्ये स्नायडर रिनी पंतप्रधान झाल्या झाल्या होनियारातलं चायनाटाउन जळलं, रॅमसी शहरात असताना!

आफ्टर सेल्स ठीक म्हणेन. नोव्हेंबर २०२१ मध्ये परत दंगल, परत चायनाटाउन, तेव्हाचे पंतप्रधान सोगावारेंनी बोलावल्यावर ऑस्ट्रेलियन पोलीस लगेच हजर. २०२२ मध्ये याच सोगावारेंनी चीनशी सुरक्षा करार केला, त्यामुळे आता मार्केटमध्ये दोन प्रोव्हायडर आहेत आणि जमिनीचं काम दोघांच्याही पॅकेजमध्ये नाही.